मशीन दाखवण्याआधी: विदर्भातल्या नव्या संशोधकांसाठी पेटंटची वाट

तीन वर्षांपूर्वी जूनमध्ये दारव्ह्याकडून एक शेतकरी नवरा-बायको माझ्याकडे आले. मोटारसायकलला आडवं बांधून, पोत्यात गुंडाळून हातटोकण यंत्र आणलेलं. पोतं सोडायच्या आधी काकांनी उठून दार लावून घेतलं. मला तेव्हाच हायसं वाटलं. कारण माझ्याकडे येणारे बहुतेक जण आधी मोबाइल पुढे करतात. "मॅडम, यूट्यूबवर पाहा, किती लोकायनं पाह्यलं!" आणि अर्धी केस तिथंच संपलेली असते.

मी शिक्षणानं मेकॅनिकल इंजिनिअर. जिनिंगची यंत्रं बनवणाऱ्या एका कारखान्यात पाच वर्षं ड्रॉइंगवर काम केलं. तिथं आम्ही डबल रोलर जिनमध्ये एक चांगली सुधारणा केली होती. मालकांनी ती आधी प्रदर्शनात मांडली, गिऱ्हाइकांना चालवून दाखवली आणि वर्ष उलटून गेल्यावर पेटंटचा विषय काढला. तोवर शेजारच्या शेडमध्ये तीच सुधारणा फिरत होती. काहीच करता आलं नाही. त्या चिडीतून मी पेटंट एजंटच्या परीक्षेला बसले, नंतर वकिलीही केली. आता लोक मला पेटंट अॅटर्नी म्हणतात. आपल्या कायद्यात मात्र शब्द 'पेटंट एजंट' असाच आहे. विज्ञान किंवा इंजिनिअरिंगची पदवी हवी आणि ती परीक्षा पास व्हायला हवी. नुसता वकील हे काम करू शकत नाही, हे लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

आधी गप्प बसा

पेटंट मिळतं ते नव्या गोष्टीला, आणि 'नवी' म्हणजे अर्जाच्या तारखेआधी जगात कुठंच उघड न झालेली. तुम्ही स्वतः उघड केली तरी ती उघडच. व्हॉट्सअॅपच्या गावच्या ग्रुपवर टाकलेला व्हिडिओ, कृषी प्रदर्शनातला स्टॉल, पोळ्याला गावात फिरवलेलं यंत्र, पेपरात छापून आलेला फोटो, दोन जणांना विकलेला नमुना, हे सगळं तुमच्याच विरोधात उभं राहू शकतं.

"पण प्रदर्शन तर सरकारी होतं" असं हमखास ऐकू येतं. सूट आहे, पण ती फक्त केंद्र सरकारनं राजपत्रात तशी अधिसूचना काढलेल्या प्रदर्शनाला, आणि प्रदर्शन सुरू झाल्यापासून १२ महिन्यांत अर्ज केला तरच. तालुक्याच्या कृषी मेळाव्यात ही सूट धरून चालू नका.

चाचणी तर शेतातच घ्यावी लागणार आणि आपल्याकडे शेताला भिंती नसतात, हेही खरं. यंत्राचा प्रकारच असा असेल की उघड्यावर चालवल्याशिवाय कळणार नाही, तर केवळ चाचणीसाठी केलेला वापर कायदा वर्षभर सांभाळून घेतो. पण त्या आधारावर झोपून राहू नका. धुऱ्यावर उभा राहून पाहणारा शेजारी उद्या काय करेल ते सांगता येत नाही. वेल्डिंगवाल्याकडून, मदतनिसाकडून 'हे बाहेर सांगणार नाही' एवढं दोन ओळींत लिहून सही घ्या. गावात अशी सही मागणं अवघड वाटतं, मला कळतं. तरी घ्या.

हे पेटंटचं काम आहे का?

कायदा १९७० चा. त्याच्या तिसऱ्या कलमात कशाला पेटंट मिळत नाही याची यादी आहे आणि शेतीतल्या माणसाला ती बरीच नडते. शेती किंवा बागायतीची पद्धत चालत नाही: दोन तासांतलं (पिकाच्या ओळींतलं) अंतर बदलून तुरीचं उत्पन्न वाढवलंत तर ते ज्ञान मोलाचं, पण पेटंटचं नाही. त्यासाठी बनवलेलं अवजार मात्र चालतं. परंपरेनं चालत आलेलं ज्ञान चालत नाही. ओळखीच्या दोन यंत्रांची नुसती जोडणी, ज्यात प्रत्येक जण आपापलं जुनंच काम करतो, तीही नाही. वखरामागे फवारणीची टाकी बांधली आणि दोघांचं काम होतं तेच राहिलं, तर शोध झाला नाही. मोबाइलच्या नुसत्या अॅपलाही पेटंट मिळत नाही.

बियाणं आणि वाणही नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे आठवा. १९८३ पासून धानाच्या वेगळ्या लोंब्या निवडत त्यांनी वाण तयार केलं. मनगटी घड्याळाच्या नावावरून त्याला 'एचएमटी' म्हणू लागले आणि ते राज्याबाहेरही पोचलं. २०१८ मध्ये ते गेले तेव्हाही त्यांची परिस्थिती बेताचीच होती. लोक मला विचारतात, त्यांनी पेटंट का नाही घेतलं? घेताच आलं नसतं. वाणासाठी वेगळा कायदा आहे, २००१ चा, पीक वाण आणि शेतकरी हक्क संरक्षणाचा. त्यात शेतकऱ्याला स्वतःचं वाण नोंदवता येतं. तेव्हा बियाण्याचं काम असेल तर माझ्याकडे न येता तिकडे जा. नागपुरी संत्रं, वायगावची हळद, भिवापूरची मिरची यांना मिळालेलं भौगोलिक मानांकन हाही वेगळाच प्रकार. तो हक्क एका माणसाचा नसून त्या भागातल्या उत्पादकांचा असतो.

यंत्राचं नुसतं रूप, आकार वेगळा असेल तर डिझाइनची नोंदणी होते. ती १० वर्षांची, पुढे आणखी ५ वाढवता येते. पण डिझाइन म्हणजे पेटंट नव्हे. हा फरक लपवून पैसे घेणारे खूप फिरतात.

शोध नेमका कुठं आहे?

हे सगळ्यात महत्त्वाचं काम आणि इथं कोणी घाई करू नये.

काकांनी पोतं सोडलं. आत होतं ते बाजारात कोणत्याही अवजारांच्या दुकानात टांगलेलं असतं तसंच यंत्र: लांब दांडा, पुढे फिरणारं बॅरल, बॅरलभोवती चोची. ढकलत नेलं की चोच जमिनीत शिरते, उघडते, बी सोडते. मी म्हटलं, "काका, यात नवं काय?"

"मॅडम, मशीनच नवं हाय. मी सोता बनोलं."

स्वतः बनवणं वेगळं आणि नवं असणं वेगळं. मी प्रश्न बदलला. विकतचं यंत्र असताना हे बनवायची गरज का पडली? मग ते खुलले. पाऊस झाला की आपली काळी माती लोण्यासारखी होते. चोच जमिनीतून निघते ती माती घेऊनच. दहा पावलांत चोची बुजतात, बी आतच अडकतं आणि मागे वळून पाहावं तर तास रिकामं. दर थोड्या वेळानं थांबून काडीनं चोच कोरत बसायचं.

मी यंत्र उलटं करून एक चोच बोटानं उघडली. आतून काळं काहीतरी सरकलं. सायकलच्या ट्यूबची बोटभर पट्टी! तिचं एक टोक चोचीच्या हलत्या पाकळीला रिव्हेटनं बसवलेलं, दुसरं मोकळं टोक स्थिर पाकळीवर टेकलेलं. चोच उघडली की मोकळं टोक पाकळीच्या आतल्या अंगावरून खरवडत जातं आणि चिकटलेली माती बाहेर पडते. दर वेळी उघडताना चोच स्वतःच साफ होते.

"हे काय आहे?"

"ते काई नाई, ते हिनं लावाले सांगतलं. ट्यूबचा तुकडा हाय."

ते काही नाही म्हणत होते, आणि आमचा सगळा शोध तोच होता. बॅरल जुनं, चोच जुनी, दांडा जुना. नवी होती ती बोटभर पट्टी. (त्यांचा अर्ज प्रकाशित झालेला आहे, म्हणून हे इथं उघड लिहिते आहे.)

तुमच्या यंत्रासाठीही हाच प्रश्न स्वतःला विचारा: बाजारातल्या यंत्रानं माझं काय अडलं होतं आणि ते मी कशानं सोडवलं? 'कशानं' याचं उत्तर एका वाक्यात, एका भागावर बोट ठेवून देता आलं पाहिजे. येत नसेल तर अजून वेल्डिंगच्या दुकानात जा, अर्ज नंतर.

आणि दुसरा प्रश्न लगेच विचारा: हे सुचलं कोणाला? वहिनी तोवर कोपऱ्यात गप्प बसल्या होत्या. पट्टीची कल्पना त्यांची, ती कोणत्या पाकळीला बसवायची हे काकांनी शोधलं. म्हणून संशोधक म्हणून दोघांचीही नावं. वेल्डिंगवाल्यानं सांगितल्याप्रमाणे जोडून दिलं, तो संशोधक नाही. सरपंच, जावई, गाइड सर, प्राचार्य यांची नावं मानापोटी घालू नका. खरा संशोधक वगळला किंवा खोटा घुसवला तर पुढे त्यावरून पेटंटच अडचणीत येऊ शकतं.

जुन्यात शोधा

आता ती एक गोष्ट जगात आधी कोणी केली आहे का ते बघायचं. हे फुकटात करता येतं. भारतीय पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर 'इनपास' नावाची शोधसुविधा आहे. शिवाय गूगल पेटंट्स आणि युरोपचं एस्पेसनेट. नुसत्या शब्दांनी शोधलं तर निम्मं हुकतं, कारण तुम्ही 'चोच' म्हणाल, तिकडे कोणी 'छिद्रक' म्हटलेलं असेल. म्हणून वर्गीकरणाच्या खुणेनं शोधा: पेरणी-लावणीची यंत्रं 'ए०१सी' खाली येतात, कापणी-वेचणीची 'ए०१डी', मशागतीची 'ए०१बी'. दोन रात्री द्या त्याला.

पेटंट नसलेलं सुद्धा बघा. घरगुती डाळ मिलमधली सुधारणा घेऊन कोणी आलं की मी आधी अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची पीकेव्ही मिनी डाळ मिल समोर ठेवते. विदर्भात ती इतकी पसरली आहे की आपण तिलाच 'नेहमीची मिल' समजतो आणि तिच्यातलाच एखादा भाग आपला शोध म्हणून सांगतो.

जुनं काही सापडलं तर रडायचं कारण नाही. आपलं त्यापासून वेगळं कुठं पडतं ते आधीच कळलेलं बरं.

तारीख पकडा

यंत्र पूर्ण झालं नसेल तरी तात्पुरतं विवरणपत्र, म्हणजे शोधाचं लेखी वर्णन, दाखल करता येतं. त्यानं तुमची तारीख पक्की होते आणि पूर्ण विवरणपत्र द्यायला १२ महिने मिळतात. एक दिवसही उशीर झाला तर अर्ज सोडून दिला असं धरलं जातं.

आपला अर्ज मुंबई कार्यालयाकडे जातो. ऑनलाइन भरला तर व्यक्तीसाठी शुल्क १,६०० रुपये, कागदावर दिला तर १,७५०. ऑनलाइनला डिजिटल सही लागते. नमुना १ म्हणजे अर्ज, नमुना २ म्हणजे विवरणपत्र, नमुना ३ परदेशातल्या अर्जांबद्दल आणि एजंट नेमला तर नमुना २६. संशोधक कोण याची घोषणा असलेला नमुना ५ पूर्ण विवरणपत्रासोबत देता येतो. भाषा हिंदी किंवा इंग्रजी. मराठीत दाखल करता येत नाही, हे मलाही खटकतं.

तात्पुरतं म्हणजे अर्धवट नव्हे. त्यात जे लिहिलं नाही त्याला ती तारीख मिळत नाही. काकांच्या वेळी मी ट्यूबच्या पट्टीसोबतच रबर, प्लास्टिक, पातळ स्प्रिंग-पत्रा असे सगळे पर्याय त्याच दिवशी लिहून टाकले. ते त्यांनी करून पाहिले नव्हते, पण चालले असते. चित्रात मापं नसली तरी चालतात. प्रत्येक भागाला आकडा द्यायचा आणि मजकुरात तोच आकडा वापरायचा.

दावे: कुंपण कुठं घालायचं

वर्षाच्या आत पूर्ण विवरणपत्र. त्याचं वेगळं शुल्क नाही, फक्त एकूण ३० पानं आणि १० दावे यांच्या पुढे गेलात तर जादा भरावं लागतं. दावे म्हणजे तुमच्या हक्काचा सातबारा. वर्णनात कितीही लिहा, हक्क दाव्यात लिहिलं तेवढाच.

काकांनी स्वतः लिहिलेला दावा असा होता: 'सायकलच्या ट्यूबची ४ इंचाची पट्टी लावलेलं कपाशी टोकण्याचं यंत्र.' आता मी उद्या ५ इंचाची पट्टी लावते, ट्यूब मोटारसायकलची घेते आणि सोयाबीन टोकते. मी त्यांच्या कुंपणाबाहेर! उलट 'स्वतः साफ होणारं टोकण यंत्र' एवढंच लिहिलं तर ते इतकं मोठं कुंपण की परीक्षक म्हणणार, साफ होणारी यंत्रं आधीची आहेत.

आम्ही मधली जागा धरली. मराठीत सांगायचं तर: 'फिरतं बॅरल आणि त्याच्या परिघावर उघडमिट करणाऱ्या चोची असलेलं बी टोकण्याचं यंत्र, ज्यात प्रत्येक चोचीच्या आत एक लवचीक पट्टी असून तिचं एक टोक हलत्या पाकळीला बसवलेलं आहे आणि मोकळं टोक चोच उघडताना स्थिर पाकळीच्या आतल्या पृष्ठभागावरून घासत जातं.' ना माप, ना पीक, ना सायकल. पुढच्या दाव्यांत मग पट्टी रबराची, पट्टी रिव्हेटनं बसवलेली, असं आत आत येत जायचं. पहिलं कुंपण पडलं तरी आतलं उभं राहतं.

मग वाट बघणं

अर्ज साधारण १८ महिन्यांनी प्रकाशित होतो. तो आपोआप तपासला जात नाही, तपासणीची मागणी वेगळी करावी लागते. व्यक्तीला ४,००० रुपये, आणि मार्च २०२४ च्या दुरुस्तीनंतर केलेल्या अर्जांना पहिल्या अर्जाच्या तारखेपासून ३१ महिन्यांची मुदत. ही मागणी विसरल्यामुळे मेलेले अर्ज मी पाहिले आहेत. भरणाऱ्यानं अर्ज क्रमांकाचा कागद फ्रेम करून भिंतीला लावलेला!

इथं वहिनींचं नाव कामी आलं. अर्जदार व्यक्ती असतील आणि त्यांत एक जरी स्त्री असेल तर जलद तपासणी मागता येते. नमुना १८अ, शुल्क ८,०००, सोबत लवकर प्रकाशनाचा नमुना ९, त्याचे २,५००. आम्ही दोघांनाही अर्जदार केलं होतंच. काका म्हणाले, "म्हणजे हिच्यामुळं लायनीत पुढं?" वहिनी पहिल्यांदा हसल्या. पण नुसतं रांगेत पुढे जाण्यासाठी बायकोचं नाव संशोधक म्हणून घालू नका. वर सांगितलंच आहे.

काही महिन्यांनी तपासणी अहवाल येतो आणि लोक घाबरतात. काकांचा रात्री साडेदहाला फोन: "मॅडम, रिजेक्ट झालं!" झालं काही नव्हतं. पहिल्या अहवालात हरकती असतातच, माझ्या प्रत्येक अर्जावर त्या आल्या आहेत. उत्तराला ६ महिने मिळतात, शुल्क भरून आणखी ३ वाढतात. परीक्षकानं एक जुना परदेशी कागद काढला होता, त्यात चोची ब्रशनं साफ होत होत्या. आम्ही चित्रं शेजारी ठेवून दाखवलं: ब्रश यंत्राच्या चौकटीवर, चोचीच्या बाहेर. आमची पट्टी चोचीच्या आत आणि तिला वेगळी हालचाल लागत नाही, चोच उघडण्यातच ती होते. सुनावणी व्हिडिओवर झाली. मुंबईला जावं लागलं नाही, फक्त त्या दिवशी लाइन गेली आणि मी इन्व्हर्टरच्या भरवशावर बोलत होते.

माणूस कसा निवडायचा, पैसा किती

एजंटचा नोंदणी क्रमांक मागा आणि पेटंट कार्यालयाच्या यादीत स्वतः बघा. 'गॅरंटीनं पेटंट', 'आठ दिवसांत पेटंट' म्हणणाऱ्याकडून चहासुद्धा घेऊ नका. आठ दिवसांत मिळतो तो अर्ज क्रमांक. फी कशाकशाची ते लेखी घ्या: लिहिण्याची वेगळी, अहवालाच्या उत्तराची वेगळी, सुनावणीची वेगळी असते आणि भांडणं इथंच होतात.

पैसे नसतील तर गांधीनगरची नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशन ही केंद्राची संस्था तांत्रिक शिक्षण नसलेल्या ग्रामीण संशोधकांना पेटंटसाठी मदत करते. आणि आपल्या नागपुरातच, सिव्हिल लाइन्सला, राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था आहे. तिथं प्रशिक्षण होतं. इंजिनिअरिंगच्या पोरांनी तरी एकदा जाऊन यावं.

साध्या मार्गानं सरकारी शुल्क ५,६०० रुपये, जलद मार्गानं १२,१००. खरा खर्च नंतरचा. पेटंट अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांचं, पण तिसऱ्या वर्षापासून दरसाल नूतनीकरण: सहाव्यापर्यंत ८००, दहाव्यापर्यंत २,४००, पंधराव्यापर्यंत ४,८०० आणि पुढे ८,०००. शेवटपर्यंत चालवलं तर एकूण ७६,८०० रुपये होतात. यंत्र विकलं जात नसेल तर मधेच सोडून द्या, त्यात कमीपणा नाही. चुकून राहिलं तर ६ महिने जादा शुल्कानं भरता येतं. शिवाय पेटंट वापरात आहे की नाही याचं निवेदन, नमुना २७, दर तीन आर्थिक वर्षांसाठी एकदा द्यायचं.

हा हक्क फक्त भारतापुरता. परदेशात जायचं असेल तर पहिल्या अर्जाच्या तारखेपासून १२ महिन्यांत हालचाल करा.

मिळाल्यावर

कोणी नक्कल केली तर पोलीस ठाण्यात जाऊन उपयोग नाही, हा दिवाणी दावा आहे आणि तो जिल्हा न्यायालयाच्या खालच्या कोर्टात चालत नाही. कारखानदाराला बनवायला दिलंत तर करार लेखी करा आणि पेटंट कार्यालयात नोंदवा. चहाच्या टपरीवर ठरलेली 'नगाला पन्नास रुपये'ची बोली तिथंच विरते.

एक बारीक गोष्ट. यंत्रावर नुसतं 'पेटंट' लिहून भागत नाही, क्रमांक लिहा. नाहीतर नक्कल करणारा 'मला माहीत नव्हतं' म्हणून नुकसानभरपाईतून सुटू शकतो. आणि मंजुरीआधी 'पेटंटेड' असं लिहिलंत तर १० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तोवर 'पेटंट प्रलंबित' लिहा.

काकांना मंजुरी मागच्या दिवाळीआधी आली. दुसऱ्याच आठवड्यात ते वेल्डिंगवाल्याकडून आकड्यांचे पंच घेऊन आले आणि माझ्या अंगणातच बॅरलवर क्रमांक ठोकायला बसले. सहा आकडे, वहिनी सर्टिफिकेट हातात धरून एकेक वाचत होत्या. चौथा आकडा उलटा पडला. बॅरल घासून पुन्हा ठोकला.